वक्तृत्वशास्त्रातील पीएच.डी. : प्रवेशासाठी काय लागते?



परदेशी विद्यापीठात डॉक्टरेट करण्याची आकांक्षा बाळगणारे युवक-युवती आता आपल्या धर्मग्रामांतही दिसू लागले आहेत. अभियांत्रिकी, संगणक किंवा औषधनिर्माणशास्त्र या क्षेत्रांकडे वळणाऱ्यांना मार्गदर्शन मिळते. कोणाचा तरी चुलतभाऊ तेथे गेलेला असतो, कोणत्या तरी संस्थेची जाहिरात वर्तमानपत्रात आलेली असते. मानव्यविद्यांकडे वळणारा विद्यार्थी मात्र एकटा असतो. त्यातही त्याने 'ऱ्हेटोरिक' अर्थात वक्तृत्वशास्त्र हा विषय निवडला, तर "म्हणजे भाषण करायला शिकण्यासाठी अमेरिकेला जायचे?" असा प्रश्न घरातूनच विचारला जातो. मग एके दिवशी तो विद्यार्थी शिफारसपत्रासाठी आपल्या धर्मगुरूंकडे येतो. ते पत्र त्याच्या फारसे उपयोगाचे नसते. ते का, आणि खरोखर उपयोगाचे काय असते, हे स्पष्ट करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हा विषय नेमका कोणता?

शाळांतील वक्तृत्व स्पर्धांशी या विषयाचे नाते दूरचे आहे. शब्दांच्या साहाय्याने माणूस दुसऱ्या माणसाचे मन कसे वळवितो, समाज निर्णयाप्रत कसा येतो, खरे पटते कसे आणि खोटेही पटते कसे, याचा शिस्तबद्ध अभ्यास म्हणजे वक्तृत्वशास्त्र. ॲरिस्टॉटलने मन वळविण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. आज या शास्त्राच्या कक्षेत न्यायालयातील युक्तिवाद, निवडणुकीतील भाषणे, जाहिराती, वृत्तवाहिन्यांवरील चर्चा, विज्ञानविषयक लेखन आणि अर्थातच व्यासपीठावरील प्रवचनही येते.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. संत बाझील आणि नाझियान्झचे संत ग्रेगरी यांनी अथेन्स येथे वक्तृत्वाचे शिक्षण घेतले होते. संत ऑगस्टिन तर मिलान येथे वक्तृत्वाचे अध्यापक होते. इ. स. ३८६ मध्ये त्यांनी ते पद सोडले व ३८७ मध्ये संत अँब्रोज यांच्या हस्ते बाप्तिस्मा स्वीकारला. त्यांनी पद सोडले, विद्या मात्र टाकून दिली नाही. ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या आपल्या ग्रंथाचा चौथा भाग त्यांनी वयाच्या सत्तरीनंतर पूर्ण केला. असत्य बोलणाऱ्यांनी मन वळविण्याची कला आत्मसात करावी आणि सत्य सांगणाऱ्यांनी मात्र ती शिकू नये, हे योग्य कसे, असा प्रश्न त्यांनी त्यात उपस्थित केला आहे. येशूसंघाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी अभ्यासयोजना निश्चित केली, तिच्यात व्याकरण आणि साहित्य यांच्या वरचा वर्ग वक्तृत्वाचा होता. ज्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, ते फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे. पवित्र शास्त्रातील कथा मराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांनी श्रोत्यांच्या कानांना परिचित असलेला ओवीछंद निवडला, ही निवड वक्तृत्वशास्त्राचा उत्तम वस्तुपाठ आहे.

अलीकडच्या काळातील नाव घ्यायचे तर येशूसंघीय फादर वॉल्टर ऑंग यांचे घ्यावे लागेल. हार्वर्डमध्ये डॉक्टरेट करून ते सेंट लुईस विद्यापीठात अध्यापन करू लागले. पीटर रेमस या विचारवंताविषयीचा त्यांचा ग्रंथ १९५८ साली, आणि मौखिक परंपरा व लेखन यांच्या संबंधावरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. या विषयाचा विद्यार्थी त्यांना टाळून पुढे जाऊ शकत नाही.

हा अभ्यासक्रम कोठे आहे?

स्वतंत्र शाखा म्हणून हा विषय प्रामुख्याने अमेरिकेत रुजला. हार्वर्डमध्ये वक्तृत्वाच्या बॉयल्स्टन अध्यासनावर १८०६ साली नियुक्त झालेले पहिले प्राध्यापक जॉन क्विन्सी ॲडम्स पुढे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. आज बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ऱ्हेटोरिकचा स्वतंत्र विभाग आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात इंग्रजी विभागाच्या अंतर्गत, तर पर्ड्यू विद्यापीठात लेखनशिक्षणाच्या जोडीने हा विषय शिकविला जातो. पिट्सबर्ग येथे पवित्र आत्म्याच्या संघाच्या धर्मगुरूंनी १८७८ साली स्थापन केलेल्या ड्युकेन या कॅथलिक विद्यापीठानेही या विषयातील पीएच.डी. अभ्यासक्रम चालविला आहे.

या यादीवरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाव एक असले तरी प्रत्येक ठिकाणी विषयाचा चेहरा निराळा आहे. बर्कलीचा ओढा तत्त्वज्ञान आणि सिद्धान्त यांच्याकडे, तर पर्ड्यूचा लेखन-अध्यापनाकडे अधिक आहे. म्हणून केवळ विद्यापीठाचे नाव पाहून अर्ज करू नये. तेथील दोन-तीन प्राध्यापकांचे लेखन आधी वाचावे. आपल्या प्रश्नात रस घेणारे कोणी तेथे नसेल, तर उत्तम गुण असूनही प्रवेश मिळत नाही, आणि मिळाला तरी पुढील पाच-सहा वर्षे जड जातात.

पदवी आणि गुणपत्रके

अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असते. आपल्याकडील जुनी बी.ए. पदवी तीन वर्षांची. त्यामुळे केवळ तीन वर्षांची पदवी अनेक विद्यापीठे पुरेशी मानीत नाहीत. त्यानंतर दोन वर्षांचे एम.ए. पूर्ण केले असल्यास बहुधा ही अडचण दूर होते. तरीही अर्ज करण्यापूर्वी विभागाला ई-मेल पाठवून लेखी उत्तर मागवावे. एम.ए. वक्तृत्वशास्त्राचेच असले पाहिजे असे नाही. इंग्रजी, मराठी, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, पत्रकारिता, इतिहास या विषयांचे विद्यार्थीही घेतले जातात.

गुणांची किमान अट बर्कलीसारख्या ठिकाणी चारपैकी तीन ग्रेड पॉइंट अशी असते. आपली टक्केवारी या मापात स्वतः रूपांतरित करू नये. गुणपत्रकावर जे आहे तेच द्यावे. काही विद्यापीठे त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांकन संस्थेचा अहवाल मागतात. विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट मिळण्यास वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

इंग्रजीच्या परीक्षेतून माध्यमामुळे सवलत मिळेल असे गृहीत धरू नये. टोफेल किंवा आयेल्ट्स यांपैकी एक परीक्षा द्यावी लागते, आणि तिचे गुण दोन वर्षेच ग्राह्य असतात. टोफेलची गुणपद्धती जानेवारी २०२६ पासून बदलली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील आकड्यांवर विसंबू नये. जी.आर.ई. ही परीक्षा मात्र मानव्यविद्यांतील अनेक विभागांनी आता अनिवार्य ठेवलेली नाही. ज्या विभागात अर्ज करायचा तेथे ती लागत नसेल, तर तिच्या शिकवणीवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

निर्णय कशावर होतो?

गुणपत्रके दार उघडतात; आत कोणाला घ्यायचे हे पुढील तीन गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट उद्देशपत्र. एक-दोन पानांच्या या निवेदनात उमेदवाराने आपला संशोधनाचा प्रश्न मांडायचा असतो. आपल्या मुलांचे उद्देशपत्र बहुधा बालपणापासून सुरू होते : लहानपणापासून भाषणाची आवड, पहिले बक्षीस, आईवडिलांचे आशीर्वाद. निवड समितीला हे नको असते. तिला प्रश्न हवा असतो. उदाहरणार्थ, १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या हरित वसई आंदोलनात शेतकरी, शिक्षक आणि धर्मगुरू एकाच व्यासपीठावरून बोलले. चर्चमधील प्रवचनाची भाषा आणि जाहीर सभेची भाषा यांची तेथे देवाणघेवाण झाली काय? सर्व धर्मांच्या श्रोत्यांना एकत्र बांधणारे शब्द कोणते होते? हा खरा संशोधनप्रश्न आहे. तो विचारण्यासाठी लागणारी सामग्री आपल्या गावातील जुन्या पत्रकांत आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने आपली भाषा ही उणीव समजू नये. जे साहित्य तो मुळातून वाचू शकतो, ते तेथील प्राध्यापकाला वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट लेखनाचा नमुना. बहुधा १५ ते २५ पानांचा, एका हाती लिहिलेला, संदर्भ नोंदविलेला हा शोधनिबंध असतो. येथेच आपले अनेक हुशार विद्यार्थी अडखळतात. आपल्या परीक्षापद्धतीत तीन तासांत उत्तरे लिहिण्याचा सराव होतो. एकच मुद्दा वीस पाने धरून ठेवण्याचा होत नाही. एम.ए. पूर्ण झाल्यावर हाती असा एकही निबंध नसतो. तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षीच एखादा निबंध एखाद्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली लिहावा आणि तीन-चार वेळा सुधारून घ्यावा. या कामाला सहा महिने सहज लागतात.

तिसरी गोष्ट शिफारसपत्रे. ती बहुधा तीन मागितली जातात, आणि येथे आम्हांला आमच्या वाचकांशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. ही पत्रे विद्यार्थ्याची अभ्यासक म्हणून योग्यता सांगणारी असावी लागतात. ती ज्यांनी वर्गात शिकविले, ज्यांनी निबंध तपासला, त्यांनीच द्यायची असतात. मुलगा नियमित मिस्साला येतो, वाचन चांगले करतो, युवक संघटनेचा पदाधिकारी आहे, ही धर्मगुरूंची साक्ष खरी असते, मौल्यवानही असते. पण निवड समितीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते. तीनपैकी एक जागा अशा पत्राला दिली, तर विद्यार्थ्याचे नुकसान होते. म्हणून आपल्या फादरांनी असे पत्र देण्याऐवजी प्राध्यापकांकडे जाण्याचा सल्ला दिला, तर पालकांनी त्यात उपेक्षा पाहू नये.

शिफारस करणारे प्राध्यापक आपले पत्र थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाठवितात, आणि विद्यार्थी ते पाहण्याचा आपला हक्क सोडून देतो अशी प्रथा आहे. "तूच लिहून आण, मी सही करतो" ही आपल्याकडची सवय या व्यवस्थेत अप्रामाणिक ठरते. ती विद्यार्थ्याच्या हिताचीही नाही, कारण तिन्ही पत्रे एकाच हातची आहेत हे शब्दांचाच अभ्यास करणाऱ्यांच्या लगेच लक्षात येते.

काही विद्यापीठे, बर्कलीप्रमाणे, याखेरीज वैयक्तिक वाटचालीचे निवेदन मागतात. येथे मात्र आपले जीवन सांगायचे असते. घरात पहिलाच पदवीधर असणे, शेती सांभाळून शिकणे, धर्मग्रामात केलेली सेवा, दुसऱ्या समाजांबरोबर केलेले काम, हे सारे या पानावर शोभते. जे शिफारसपत्रात बसत नाही, त्याला ही जागा आहे.

विकत घेतलेले शब्द

उद्देशपत्र लिहून देणाऱ्यांचा व्यवसाय आज जोरात आहे, आणि संगणकाकडून काही क्षणांत मजकूर लिहून घेण्याची सोयही झाली आहे. व्याकरण तपासून घेणे वेगळे आणि विचारच दुसऱ्याकडून घेणे वेगळे. प्रत्येक विद्यापीठाचे याविषयीचे नियम असतात, ते वाचावेत. परंतु नियमांच्याही आधी विवेकबुद्धीचा प्रश्न आहे. ज्या शास्त्राचा पहिला धडा वक्त्याचे चारित्र्य हा आहे, त्याच्या दारात दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून घेऊन कसे उभे राहायचे? असा अर्ज उघडकीस आला तर प्रवेश रद्द होतो. उघडकीस आला नाही तर आणखी वाईट, कारण जे आपण लिहिलेले नाही त्याच्या जोरावर पाच वर्षे काढावी लागतात.

पैशाचा प्रश्न

अनेक पालक जमीन गहाण ठेवण्याच्या विचारात असतात, म्हणून हा भाग काळजीपूर्वक वाचावा. अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत मानव्यविद्यांची पीएच.डी. स्वतःच्या खर्चाने करण्याची रीत नाही. प्रवेश देताना विभाग शिक्षणशुल्क माफ करतो आणि निर्वाहवेतन देतो. त्या बदल्यात विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन किंवा भाषण शिकवितो. ही सोय नसलेला प्रवेश हाती आला, तर तो नाकारण्याचे धैर्य ठेवावे असे आमचे मत आहे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. त्या मिळकतीतून कर्ज फिटत नाही. शिवाय पदवीनंतर प्राध्यापकपद मिळेलच अशी हमी नाही. मानव्यविद्यांतील कायम जागा कमी होत आहेत. लेखन शिकविणाऱ्यांची गरज प्रत्येक महाविद्यालयाला असते, म्हणून या शाखेची स्थिती त्यातल्या त्यात बरी मानली गेली आहे, इतकेच. वाडवडिलांची वाडी अशा अनिश्चित गोष्टीवर लावू नये.

अर्जाचे शुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि पाच-सहा अर्जांचा एकत्रित खर्च जाणवण्याइतका होतो. शुल्कमाफीची सोय काही ठिकाणी असते; विचारण्यात संकोच करू नये.

वेळापत्रक असे ठेवावे : आदल्या वर्षीच्या जानेवारीपासून निबंध, मे-जूनमध्ये विद्यापीठांची निवड, जुलै-ऑगस्टमध्ये इंग्रजीची परीक्षा आणि ट्रान्स्क्रिप्ट, सप्टेंबरमध्ये प्राध्यापकांना विनंती, आणि डिसेंबर-जानेवारीतील मुदतीपूर्वी अर्ज. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतात. आर्थिक साहाय्यासह आलेला प्रस्ताव स्वीकारण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत देण्याचा अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांचा संकेत आहे. त्याआधी कोणी घाई केली तर हा संकेत नम्रपणे सांगावा. त्यानंतर विद्यापीठाकडून आय-२० हे पत्र येते, आणि त्याच्या आधारे एफ-१ व्हिसासाठी अर्ज करता येतो. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, म्हणून वाणिज्य दूतावासाच्या अधिकृत माहितीखेरीज कशावरही विश्वास ठेवू नये.

देशात राहून

सर्वांनाच परदेशी जाता येत नाही आणि जाण्याची गरजही नाही. भारतात वक्तृत्वशास्त्राचे स्वतंत्र विभाग सहसा आढळत नाहीत; परंतु इंग्रजी, मराठी, भाषाशास्त्र किंवा संज्ञापन या विषयांत याच प्रश्नांवर प्रबंध लिहिता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एम.ए.ला किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. २०२४-२५ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जाऊ लागले. केवळ पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरलेल्यांच्या बाबतीत नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो. अभ्यासक्रमाची मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षांची आहे, आणि महिलांना दोन वर्षे वाढवून मिळू शकतात. लग्नानंतर शिक्षण थांबले असे समजणाऱ्या आपल्या भगिनींनी या शेवटच्या तरतुदीकडे लक्ष द्यावे.

धर्मगुरू व व्रतस्थांचा मार्ग थोडा निराळा आहे. ख्रिस्तसभेच्या विद्यापीठांत डॉक्टरेट हे तिसरे चक्र असते आणि त्यासाठी आधी लायसेन्शिएट ही पदवी घ्यावी लागते. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१७ रोजी स्वाक्षरी केलेल्या 'व्हेरितातिस गाऊदियुम' या संविधानाने ही रचना कायम ठेवली आहे. रोममधील सालेशियन विद्यापीठात समाजसंपर्क विज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा आहे. तेथे जाण्यासाठी बिशपांची किंवा संघप्रमुखांची अनुमती लागते. येथे मात्र वरिष्ठांच्या पत्राला पूर्ण अर्थ आहे.

शेवटी

हा विषय आपल्या मुलांनी का शिकावा, असे कोणी विचारील. आपल्याभोवती शब्दांची उणीव नाही; विश्वासार्ह शब्दांची आहे. अर्धसत्य मोबाइलवरून घरोघर पोहोचते, समाजासमाजांत तेढ शब्दांनीच पेरली जाते. आपल्यातील आशेविषयी विचारणा करणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असावे, असा बोध संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात केला आहे. तसे उत्तर देण्यासाठी श्रद्धा लागते, तसाच अभ्यासही लागतो.

ज्यांना हा अभ्यास खुणावीत असेल त्यांनी आजच एका निबंधाचा विषय ठरवावा आणि तो घेऊन आपल्या प्राध्यापकांना भेटावे. धर्मगुरूंकडेही अवश्य यावे. शिफारसपत्र नसले तरी प्रार्थना, आशीर्वाद आणि लिहिलेले वाचून स्पष्ट मत सांगण्याची तयारी, एवढे आमच्याकडे सर्वांसाठी आहे.